थोरली पाती, धाकटी पाती : कॉन्टेसाचे इंजिन आणि गिअर

मराठी वाचकाला देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात, आणि धार म्हटले की पवारांचा किल्ला, जिथे १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. माळव्यातल्या या दोन मराठी संस्थानांची ओळख आपल्याकडे सहसा इथेच संपते. पण याच मुलखात गेल्या काही दशकांत लोखंडाचा एक वेगळा इतिहास घडला. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला ऐंशीच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. आयशर, बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा यांच्याबरोबर हिंदुस्थान मोटर्सनेही तिथे कारखाना काढला, आणि जपानच्या इसुझू कंपनीशी झालेल्या करारातून आलेली इंजिने तिथे तयार होऊ लागली. देवासला गजरा गिअर्सचे नाव मोटारीच्या गिअरांशी जोडले गेले. मोटार बंगालात उत्तरपाड्याला जुळवली जाई, पण तिचे इंजिन माळव्याच्या पठारावरून जाई. ज्या गाडीसाठी ही धडपड झाली ती कॉन्टेसा. आज तिला सांभाळणारे बरेच जण तिच्यात कोणते इंजिन असावे यावर तासन्‌तास वाद घालतात आणि गिअरांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ही पुस्तिका त्या वादात पडते, पण उलट्या टोकाने. लांब पल्ल्याच्या जुन्या गाडीसाठी आधी गिअर ठरवावेत आणि मग त्या गिअरांना शोभेल ते इंजिन निवडावे, असे तिचे म्हणणे आहे.

देवासच्या इतिहासात याला एक दाखला सापडतो. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंची ही दौलत पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी विभागली गेली. गाव एकच, पण राजे दोन, वाडे दोन आणि कारभारही दोन. १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा दुहेरी संसार चालला. मोटारीतही असेच आहे. इंजिन ही थोरली पाती. नाव तिचे, मान तिचा, बॉनेट उघडले की सगळ्यांची नजर तिच्यावर. गिअरबॉक्स आणि मागचे क्राउन-पिनियन ही धाकटी पाती. ती गाडीच्या पोटाखाली असते, तेलाने माखलेली असते आणि आवाज करू लागेपर्यंत तिची आठवण कुणाला होत नाही. पण शंभरच्या वेगाला इंजिन किती फिरणार, घाट कोणत्या गिअरमध्ये चढणार, उतारावर इंजिन गाडीला किती धरून ठेवणार, हे सगळे धाकटी पाती ठरवते.

आधी गाडीचा वंश पाहू, कारण अर्धे उत्तर तिथेच आहे. कॉन्टेसाचा सांगाडा मूळचा इंग्लंडचा. व्हॉक्सहॉल कंपनीने १९७२ साली आणलेली व्हिक्टर, तिची एफई ही पिढी, १९७८ पर्यंत तिकडे निघत होती. तिची साधने हिंदुस्थान मोटर्सने विकत घेतली आणि १९८४च्या सुमारास ही लांब, रुंद, सपाट तोंडाची गाडी भारतीय रस्त्यावर आली. इंग्लंडात या सांगाड्याला १,७५९ आणि २,२७९ घन सेंटिमीटरची इंजिने होती. आपल्याकडे मात्र तिच्यात आले अ‍ॅम्बॅसडरचे जुने १,४८९ घन सेंटिमीटरचे बीएमसी इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स. ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. थोराड अंगाच्या गाडीला धाकट्या भावाचे धोतर नेसवावे तसे ते दिसले. काही वर्षांतच चूक दुरुस्त झाली. इसुझूचे १,८१७ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससह आले आणि कॉन्टेसा क्लासिक या नावाने गाडी खऱ्या अर्थाने ओळखली जाऊ लागली. नंतर १,९९५ घन सेंटिमीटरचे डिझेल आले आणि पुढे त्याला टर्बोही जोडला गेला. २००२ साली उत्पादन थांबले. यातला एक योगायोग लक्षात घ्यावा. व्हॉक्सहॉल ही तेव्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सची कंपनी, आणि इसुझूमध्येही जनरल मोटर्सचा १९७१ पासून मोठा हिस्सा होता. म्हणजे इंग्लिश सांगाडा आणि जपानी इंजिन ही एकाच गोत्रातली, लग्न तेवढे पिथमपूरच्या मांडवात लागले. मूळचे १,७५९ आणि नंतरचे १,८१७ हे आकडे शेजारी ठेवले की इसुझूचे इंजिन या गाडीला का जुळले ते वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच काळातली दोन उदाहरणे हा मुद्दा आणखी स्पष्ट करतात. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ साली स्टँडर्ड २००० आणली. सांगाडा रोव्हरच्या एसडी-१ या देखण्या गाडीचा, पण इंजिन जुन्या व्हॅनगार्ड मोटारीच्या जमान्यातले, १,९९१ घन सेंटिमीटरचे. घनफळ पाहिले तर कॉन्टेसापेक्षाही मोठे, तरी गाडी काही वर्षांतच बंद पडली. याच वर्षी प्रीमियरने ११८-एनई आणली. सांगाडा जुन्या फियाट १२४ चा, पण इंजिन निस्सानचे, फक्त १,१७१ घन सेंटिमीटरचे. ती टिकली. स्टँडर्ड बुडण्याची कारणे अनेक होती, किंमत हे त्यातले एक, त्यामुळे सगळा दोष इंजिनावर टाकणे बरोबर नाही. पण घनफळाचा आकडा मोठा म्हणजे गाडी चांगली हा समज या दोन गाड्यांनी खोटा ठरवला एवढे नक्की. इंजिन त्याच्या स्वभावाला साजेशा गिअरांबरोबर आले की लहान असूनही भागते. जुना स्वभाव नव्या अंगात कोंबला की मोठे असूनही भागत नाही.

आता हिशेब. तो कंटाळवाणा वाटेल, पण या विषयातले निम्मे गैरसमज तो न केल्यामुळे आहेत. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,५०० किलो माना. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाने जाताना दोन गोष्टी तिला मागे ओढतात, समोरची हवा आणि टायरचे घर्षण. अशा चौकोनी तोंडाच्या गाडीला हवेसाठी साधारण साडेदहा किलोवॅट आणि टायरसाठी सहा किलोवॅट लागतात. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमधला तोटा मिळवला तरी इंजिनाने द्यायची ताकद २५ अश्वशक्तीच्या आसपास येते. फक्त पंचवीस. ज्या जुन्या १,४८९ च्या इंजिनाला सगळे नावे ठेवतात, त्याच्यापाशीही याच्या दुप्पट ताकद होती. म्हणजे सपाटीवरची निवांत चाल हा ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ही पंचवीस अश्वशक्ती इंजिन किती फेऱ्यांना देते, आणि ती देताना हाताशी किती शिल्लक राहते, हा.

फेऱ्यांचा हिशेब तर त्याहून सोपा. टायरच्या एका फेऱ्यात गाडी १.९ मीटर पुढे जाते असे धरा. शंभरच्या वेगाला चाक मिनिटाला ८७७ वेळा फिरेल. क्राउनला ३९ दाते आणि पिनियनला १० असतील तर प्रमाण ३.९ चे. चौथा गिअर सरळ, म्हणजे एकास एक, असेल तर इंजिन मिनिटाला ३,४२० फेरे घेईल. ४१ आणि ९ दात्यांचे क्राउन-पिनियन असेल तर हाच आकडा चार हजारांवर जाईल. आणि ३.९ वरच पाचवा गिअर ०.८५ चा मिळाला तर इंजिन २,९०० वर येईल. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या गाडीचे मोजून घ्यावेत. पण त्यांतला फरक बघा. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये मिनिटाला पाचशे फेऱ्यांचे अंतर म्हणजे तीन तासांच्या प्रवासात नव्वद हजारांहून जास्त फेरे कमी. तेवढ्या वेळा पिस्टन वरखाली झाले नाहीत, तेवढा आवाज कानावर आला नाही, तेवढे तेल तापले नाही. आणि हे सगळे इंजिनाच्या एका नटालाही हात न लावता. (जाता जाता, ४१ला ९, ३९ला १० असे विचित्र आकडे का निवडतात? कारण त्यांना सामाईक भाजक नसतो. पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. ४० आणि १० घेतले असते तर ठरलेलेच दाते एकमेकांना घासत बसले असते.)

इंजिनाचा स्वभाव म्हणजे काय, तेही इथेच सांगता येते. बीएमसी इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर आणि बोअर ७३ च्या जरासा वर. लांब घशाचे, बारीक पोटाचे इंजिन, क्रँकला तीनच मेन बेअरिंगे. इसुझूचे बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२, वर ओव्हरहेड कॅम. आता ३,४२० फेऱ्यांना बीएमसीचा पिस्टन सरासरी सेकंदाला दहा मीटर धावतो. २,९०० ला इसुझूचा धावतो आठ मीटर. गाडीचा वेग दोन्हीकडे शंभरच. पहिल्या गाडीत बसलेला माणूस अर्ध्या तासात संगीत बंद करतो, कारण ते ऐकूच येत नाही. दुसऱ्यात गप्पा चालू राहतात. पहिल्या कॉन्टेसाला लोक मरतुकडी म्हणत, पण तिची खरी अडचण ताकदीपेक्षा घाईची होती. पाचवा गिअर नसल्यामुळे तिला सपाटीवरही धावपळ करावी लागे. इसुझूच्या जोडीने गाडी सुधारली त्याचे श्रेय लोक सगळे इंजिनाला देतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा त्या पाचव्या गिअरचा आहे.

यावर पहिला आक्षेप घाटाचा येतो आणि तो खरा आहे. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. इंदूरहून मुंबईकडे निघालेला आग्रा रस्ता मानपूर सोडून धार जिल्ह्यातल्या गुजरी-धामनोदकडे उतरतो आणि खलघाटला नर्मदा गाठतो, तेव्हा गाडी सुमारे चारशे मीटर खाली आलेली असते. परतताना तेवढेच चढायचे. सहा टक्क्यांचा चढ धरला तर साठच्या वेगाला आपल्या १,५०० किलोच्या गाडीला ३० च्या थोडे वर अश्वशक्ती लागते, म्हणजे सपाटीवरच्या शंभरपेक्षा फार नाही. पण वेग ऐंशी ठेवायचा म्हटले की आकडा ४५ वर जातो. पठारावर हवा विरळ, दर शंभर मीटरला इंजिन साधारण एक टक्का ताकद गमावते. तेव्हा ५० अश्वशक्तीचे इंजिन इथे अगदी काठावर येते, तेही आपल्या सर्वांत वरच्या फेऱ्यांवर, खालच्या गिअरमध्ये किंचाळत. ८५ च्या आसपास ताकद असलेले इसुझू तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हा चढ न कुरकुरता काढते. म्हणजे इंजिनाची गरज आहेच, पण ती सपाटीने नव्हे, चढाने ठरते. आणि चढासाठी ८५ पुरतात, १५० लागत नाहीत.

दुसरा आक्षेप मेकॅनिकांकडून येतो आणि तो अनुभवाचा आहे. डिफरेन्शियल लांब केले, म्हणजे प्रमाण कमी केले, तर गाडीचा पिकअप मरतो, हाफ क्लचवर चालवावे लागते आणि क्लच प्लेट लवकर जळते. बरोबर आहे. क्राउन-पिनियन बदलले की पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळेच गिअर लांब होतात. गावातल्या गर्दीत, भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा निघताना पहिला गिअर आखूडच हवा. म्हणूनच आमचा आग्रह मागचे हौसिंग उघडण्याचा नसून पाचव्या गिअरचा आहे. खालचे चार गिअर होते तसे ठेवायचे आणि वर एक विसाव्याची पायरी जोडायची, हेच पाच गिअरच्या बॉक्सचे काम. त्यातही हाव नको. पाचवा गिअर इतका लांब घेतला की शंभरला इंजिन २,२०० वर आले, तर काय होते ते पाहा. त्या फेऱ्यांना १.८ चे इंजिन पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून जेमतेम ३७ अश्वशक्ती देईल. सपाटीला २५ पुरतात, पण रस्ता नुसता दोन टक्के चढू लागला तरी ३७ लागतात. माळव्याचा रस्ता दिसतो सपाट, पण असतो लाटांचा. दर लाटेला चौथा गिअर टाकावा लागला तर पाचव्याचा उपयोग काय? २,९०० ला याच इंजिनाकडे पन्नासच्या वर असतात, म्हणजे अशा दोन टक्क्यांच्या चढावरही पंधराच्या आसपास शिल्लक राहतात. ही शिल्लक म्हणजेच निवांतपणा. इंजिन आणि बॉक्सची ही जोडी कारखान्यातच जुळून आलेली आहे. त्यावर कुरघोडी करायला जाणाऱ्याने आधी कागदावर हिशेब मांडावा.

उतरणीबद्दल मात्र लोक फार कमी बोलतात. धामनोदजवळचा गणपती घाट ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांमुळे कुख्यात झाला, इतका की तिथे रस्त्याची नवी आखणी करावी लागली. उतारावर गाडी ब्रेकने नव्हे, गिअरने धरायची असते. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम त्यासाठीच. सगळे गिअर लांब केलेल्या गाडीत इंजिनाची ही धरपकड सैल पडते आणि भार चाकांच्या ब्रेकवर येतो. हौसेने बदललेले क्राउन-पिनियन सपाटीवर जो विसावा देते त्याची किंमत अशा ठिकाणी वसूल होते.

आता मोठ्या इंजिनवाल्यांकडे वळू. त्यांचा युक्तिवाद हुशारीचा आहे. ते म्हणतात, याच सांगाड्यात इंग्लंडात ३,२९४ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसत होते, व्हेंटोरा नावाने ती गाडी विकली जात होती, मग आम्ही बाहेरचे मोठे इंजिन बसवले तर बिघडले कुठे? बॉनेटखाली जागा आहे, हे मान्य. पण व्हेंटोरा म्हणजे व्हिक्टरमध्ये नुसते इंजिन कोंबलेली गाडी नव्हती. त्या ओढीला साजेसे गिअर, अ‍ॅक्सल आणि थंडाव्याची सोय कारखान्यानेच जुळवून दिली होती. इथे मात्र दुप्पट टॉर्कचे इंजिन येते ते कॉन्टेसाच्या मूळ हौसिंगवर, मूळ प्रोपेलर शाफ्टवर आणि मूळच्या ब्रेकवर. पिनियनचे दाते, अ‍ॅक्सल शाफ्टचे स्प्लाइन, युनिव्हर्सल जॉइंट या साखळीत जी कडी सर्वांत कच्ची ती आधी तुटते. मग ती बदलली जाते, मग पुढची तुटते, आणि वर्षभर गाडी गॅरेजमध्ये उभी राहते. वेगाच्या शर्यतीसाठी गाडी बांधायची असेल तर तो वेगळा छंद आहे. त्यासाठी पिथमपूरलाच आता नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी झाली आहे. ती २०२१ साली सुरू झाली, कॉन्टेसा बंद पडून एकोणीस वर्षे झाल्यावर. पल्ल्याच्या गाडीचे काम निराळे. तिने रोज सकाळी निघावे आणि संध्याकाळी पोहोचावे.

कायद्याची बाजूही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातले तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी ठामपणे मांडले. आणि ज्यांना भविष्याची काळजी आहे त्यांनी जुलै २०२१ चे नियम वाचावेत. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, चॅसी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. पहिल्या कॉन्टेसांची पन्नाशी २०३४ मध्ये येते. आज बाहेरचे इंजिन टाकणारा माणूस त्या दिवशीच्या रांगेतून स्वतःचे नाव आजच कापून घेतो.

डिझेलचा मुद्दा लवकर आटोपता येतो. इसुझूचे १,९९५ घन सेंटिमीटरचे डिझेल टिकाऊ होते, टॅक्सीवाल्यांनी ते मनापासून वापरले. पण टर्बो नसताना त्याची ताकद पन्नाशीच्या थोडीच वर, म्हणजे घाटात पुन्हा बीएमसीचीच गत. बचतीचे म्हणाल तर हौसेची गाडी वर्षाला किती चालते? तीन हजार किलोमीटर धरा. पेट्रोल लिटरला दहा आणि डिझेल चौदा देते असे मानले तरी वर्षाला ऐंशी-नव्वद लिटर वाचतात. त्या पैशात पेट्रोल गाडी डिझेलची करण्याचा खर्च किती वर्षांत निघेल, ते ज्याचे त्याने बघावे. जी गाडी मुळातच डिझेल आहे तिला डिझेलच ठेवावे, एवढे सांगून थांबतो.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. काहींचे म्हणणे असे की १९८४ ते ८६ च्या सुमाराची, बीएमसी इंजिनाची आणि चार गिअरची कॉन्टेसा जशी आहे तशीच राहावी, कारण ती अशीच निघाली. अशा गाड्या थोड्या उरल्या आहेत. त्यांच्यात इसुझू टाकणे म्हणजे जुन्या वाड्याची लाकडी दारे काढून अ‍ॅल्युमिनियमची बसवण्यासारखे. ती गाडी सत्तरच्या वेगाला हिशेबाप्रमाणे २,४०० वर सुखाने चालते. घाई आहे त्याने दुसरी गाडी घ्यावी. आमचा सल्ला ज्यांच्या गाडीचे इंजिन आधीच हरवले आहे, बदलले गेले आहे किंवा बांधण्यापलीकडे गेले आहे त्यांच्यासाठी आहे, आणि तो साधा आहे. इसुझूचे १.८ आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स, दोन्ही एकत्र. एकाचे इंजिन आणि दुसऱ्याचा बॉक्स अशी भेसळ नको. या निवडीला एक व्यवहारी आधारही आहे. हेच इंजिन १९९०च्या दशकात अ‍ॅम्बॅसडरमध्येही आले. कॉन्टेसा २००२ मध्ये थांबली, पण अ‍ॅम्बॅसडर २०१४ च्या मे महिन्यापर्यंत निघत राहिली. त्यामुळे रिंग, पिस्टन, गॅस्केट, वॉटर पंप असे सुटे भाग कॉन्टेसाच्या नावाने मिळाले नाहीत तरी अ‍ॅम्बॅसडरच्या नावाने मागता येतात. पिथमपूरचा इंजिन-विभाग २००५ मध्ये अ‍ॅव्हटेक या वेगळ्या कंपनीकडे गेला, पण त्या इंजिनाचे ज्ञान असलेले हात माळव्यात आणि बाहेरही अजून आहेत.

गिअरच्या बाजूने तेवढीच शिस्त हवी. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने जुळवलेले असतात. एका गाडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन दात्यांची संख्या जुळते म्हणून बसवला तर गुणगुण सुरू होते आणि ती वाढतच जाते. बसवताना दात्यांना निळा रंग लावून ठसा नेमका कुठे उमटतो ते पाहावे, बॅकलॅश डायल गेजने मोजावा, हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणू नये. प्रमाण बदलले असेल तर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो हेही लक्षात ठेवावे. पुष्कळांची ‘आता गाडी एकशेवीसला पळते’ ही बढाई त्या खोट्या काट्यावर उभी असते.

म्हणून या पुस्तिकेचे पहिले प्रकरण इंजिनाचे नाही. त्यात लागतात एक खडू, एक टेप आणि एक जॅक. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी चाकाच्या दहा फेऱ्यांइतकी सरळ ढकलायची आणि अंतर मोजून दहाने भागायचे. मग पुढच्या चाकांना दगड लावून मागचे एकच चाक जॅकवर उचलायचे, दुसरे जमिनीवर टेकलेले ठेवायचे, गाडी न्यूट्रलला घ्यायची आणि उचललेले चाक बरोबर दोन वेळा पूर्ण फिरवायचे. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे घेतो तेच मागच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण. शाफ्टवर खडूची एक रेघ मारली आणि मोजायला शेजारचा पोरगा खाली बसवला की काम दहा मिनिटांचे आहे. बॉनेट अजून बंदच ठेवायचे.